खाडीचा गाळ आणि होडीचं इंजिन

कोपरखैरणे, घणसोली, दिवा कोळीवाडा या पट्ट्यातल्या आपल्या कोळी बांधवांसाठी आज थोडं होडीच्या इंजिनाविषयी.

ठाणे खाडीचं पाणी खारं, आणि गाळानं भरलेलं. इंजिन थंड ठेवायला पंप हेच पाणी ओढतो. गाळानं पंपातलं रबरी चक्र झिजतं, मीठ आतल्या नळ्यांत साचतं. म्हणून मासेमारीहून परतल्यावर आउटबोर्ड इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवा आणि दहा मिनिटं चालवा. मागून येणारी पाण्याची धार बघत राहा. ती बारीक झाली, तर चक्र तपासा आणि झिजलं असेल तर बदला. इथे चालढकल करू नका, इंजिन तापून जाम झालं तर खर्च कितीतरी मोठा.

पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन धागा अडकलाय का, तेही पाहा. धाग्यानं सील कापलं जातं आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय हे ओळखा. इंजिनाला लावलेली जस्ताची वडी अर्धी झिजली, की नवी बसवा; तिला रंग मात्र लावू नका.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात इंजिनातलं जुनं इंधन काढून ठेवा.

आणि हो, ओली जाळी दुचाकीवर नेता ना? जाळ्यातलं खारं पाणी गाडीवर गळतं, म्हणून घरी आल्यावर चेन आणि ब्रेक गोड्या पाण्यानं धुवा, पुसा. तेल फक्त चेनला द्या. ब्रेकवर एक थेंबही नको.