नापास कोण – पोर की शाळा?

(पाड्यावरच्या मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच लिहून घेतलं आहे.)



वनहक्काचे दावे भरताना साहेब म्हणत होते, कागद आणा. आपण नियम दाखवला. म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा आहे, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा पुरावा आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते धरावंच लागतं. आता हेच शाळेत बोलायचं आहे.

२०१९ साली शिक्षणहक्क कायदा बदलला. आधी आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नव्हतं. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. त्यातही नापास, तर पुन्हा त्याच वर्गात.

परीक्षा येते उन्हाळ्यात. तेव्हा आपली घरं कुठे असतात? वीटभट्टीवर! दिवाळी झाली की जातो, पावसाच्या तोंडाला येतो. आणि विचारतात कोणत्या भाषेत? आमच्या पाड्यावरच्या एका पोरीला पेपरात आलं, रेल्वे स्थानकाचं वर्णन करा. तिनं गाडी बघितलीच नाही. रानातली वीस झाडं ती ओळखते, त्याला मार्क नाही.

कोणी म्हणेल, मग परीक्षाच नको. मी तसं म्हणत नाही. परीक्षा नव्हती तेव्हा पोरं नुसती वर ढकलली. आठवीत गेली तरी धडा वाचता येईना. मग दहावीला ३५ मार्कांपाशी आपटली. तोही अन्यायच होता.

कायद्याचं कलम २४ सांगतं, कोणत्या मुलाला काय जमतं ते गुरुजींनी पाहायचं आणि लागेल तिथे जादा शिकवायचं. म्हणून नापासाचा शिक्का मारायच्या आधी विचारा, जादा शिकवलं का? घरच्या बोलीत समजावलं का? फेरपरीक्षेची तारीख भट्टीवर कळवली का? आणि हे ध्यानात ठेवा, नापास झालं तरी आठवी पुरी होईपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन पालक असतात, निम्म्या बाया असतात. ती समिती आपलीच आहे. दिवाळीच्या आधी बैठक लावा, हंगामी वसतिगृहाची मागणी लेखी द्या. पोराला समोर उभं करून धडा वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर तसं वहीत लिहायला लावा.

आणि कोऱ्या वहीवर अंगठा देऊ नका. जमिनीच्या वेळी एकदा फसलो, तेवढं पुरे.

जिंदाबाद!