काट्यावरचा आकडा आणि अंगातला आजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. पण एक गोष्ट फार दिवस मनात सलते आहे, ती घरच्या माणसांजवळ बोलावी तशी बोलते.

मी अंगाने लठ्ठ आहे, हे आपणां सर्वांस दिसतेच. दोन वर्षांपूर्वी मला धाप लागू लागली, म्हणून एका दवाखान्यात गेले. तेथे मला काट्यावर उभे केले आणि आकडा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचला. मागे कोणी हसले. डॉक्टर म्हणाले, “बाई, खाणे कमी करा आणि चालत जा.” ना नाडी पाहिली, ना रक्त तपासले.

तानसा आणि भातसा ही मोठाली धरणे आपल्या शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यावरच्या बायका हंड्यावर हंडा घेऊन वाट तुडवतात. आणखी किती चालायचे होते मी? तरी त्यांचा शब्द मानला. रात्रीची भाकरी सोडली. लाजेने पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाही. सहा महिन्यांनी विहिरीवर घेरी येऊन पडले, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७ निघाले! बाईचे ते १२ च्या खाली नसावे. अंगात रक्त नव्हते, आणि मी उपास करीत होते.

माझी धाकटी बहीण मुरबाडला दिली आहे. ती अगदी काडीसारखी. तिला सारखी तहान लागे, पायाची जखम भरत नसे. जो तो म्हणे, “तुला कसला आजार? तू तर सडपातळ!” शेवटी तपासले तर साखर वाढलेली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२! काटा दोघांविषयी एकच सांगत होता, आणि आत सगळे निराळे होते. आपल्या राज्यात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. त्यांत बारीक होत्या तशा जाड्याही असणारच.

वजन करूच नये असे मी म्हणत नाही. गरोदरपणी ते हवे, लेकरांचे हवे, औषधाची मात्रा ठरवायला हवे. आणि ते एकाएकी उतरू लागले तर तोही आजाराचा इशारा असतो. पण वजन म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांपुढे रांग मोठी असते, हे मला कळते. म्हणून आपणच नम्रपणे विचारावे, “साहेब, हीच तक्रार एखाद्या बारीक बाईने सांगितली असती, तर आपण काय तपासले असते? तेच माझे तपासा.” आकडा मोठ्याने वाचू नका, असेही सांगावे. दंड जाड असेल तर रक्तदाबाचा मोठा पट्टा मागावा. लहान पट्ट्याने दाब उगाच जास्त दिसतो. तक्रारी घरूनच कागदावर लिहून न्याव्या. आणि एकटीने जाऊ नये. दोघी असल्या म्हणजे तोंड उघडते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्यातील जिला दवाखान्यात जायची भीती किंवा लाज वाटते, तिच्याबरोबर आपल्यातलीच एक जणी जावी. पहिली पाळी माझी. माझे सहा महिने लाजेत गेले, तसे कोणा बहिणीचे जाऊ नयेत.

इतके बोलून मी आपली रजा घेते.