रोग्याला विचारावयाचा एक प्रश्न



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे, असाच रिवाज आहे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण जो अंगमेहनत करून आजारी पडतो, त्याच्या वतीने बोलणे हे आमचे कामच आहे.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सांगणे साधे होते : वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत आणखी एकाची भर घाला. 'बाबा रे, तू काम काय करतोस?' या प्रश्नाला तीनशे वर्षे उलटून गेली. पण वर्धा जिल्ह्यात त्याची निकड आजही आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या तापाचा उद्रेक झाला आणि काही माणसे दगावली. हा ताप गोचिडीच्या जातकुळीतला एक अतिसूक्ष्म किडा पसरवतो. त्याला चिगर म्हणतात. गवतात, झुडपात, उंदरांच्या वावराच्या जागी तो असतो. चावलेले बहुधा कळतही नाही. सहा ते एकवीस दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके फुटायला लागते, अंग मोडून येते. अनेकांच्या अंगावर चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो. तो दुखत नाही. आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असतो. म्हणून रोगी तो दाखवीत नाही आणि डॉक्टर तो पाहत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. या रोगावर औषध आहे. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉलने तो बरा होतो हे सिद्ध झाले. आज डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. एका गोळीची किंमत कपभर चहाहून अधिक नाही. वेळेवर दिली तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उलट पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे या जंतूवर चालत नाहीत. म्हणजे रोग ओळखलाच नाही, तर गेलेला आठवडा फुकट जातो आणि मग फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते. औषधाअभावी माणसे मरतात हे दुःख खरेच. पण औषध हाताशी असताना केवळ प्रश्न न विचारल्यामुळे मरावे, हे आम्हाला सोसत नाही.

हा ताप कोणाला गाठतो? निंदणाला जाणाऱ्या बायांना, धुऱ्यावरचे गवत कापणाऱ्यांना, गुराख्यांना, सोयाबीन सोंगणाऱ्यांना. पण शहरवाल्यांनी निर्धास्त राहू नये. सेवाग्रामच्या संशोधकांनी आपल्या जिल्ह्याच्या शहरी भागांतही हा रोग दाखवून दिला आहे. तरी मजुराची अडचण निराळी. पहिल्या दिवशी ताप आला तर ती बाई रोजी बुडेल म्हणून कामावर जाते; तिसऱ्या दिवशी दुकानातून गोळी आणते; पाचव्या-सहाव्या दिवशी दवाखान्यात येते. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला; आजारपणात पगाराचा काही भाग मिळू लागला. शेतमजूर त्या छपराबाहेरच राहिला.

कोणी म्हणेल, डॉक्टरपुढे शंभर रोग्यांची रांग असते. प्रत्येकाला कुठे विचारीत बसावे? अडचण खोटी नाही. मग केसपेपरवर नावाखाली 'काम' अशी एक ओळ छापा. ती कोणीही भरील.

आणि डॉक्टरने विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. तेथे मुलांचे सांधे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या बाईने घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या दुखण्याची टिपणे ठेवली आणि १९७५ साली राज्याच्या आरोग्य खात्याला कळविले. त्यातून शास्त्रज्ञ कामाला लागले, आणि १९८२ मध्ये गोचिडीतून पसरणारा जंतू जगापुढे आला. रोगाला नाव मिळाले त्या गावाचे. पण पहिली नोंद एका आईची होती. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडताप आला. तोही गोचिडीचाच, आणि काजूच्या बागांत, रानात राबणाऱ्यांवरच त्याचा घाला.

मग करावयाचे काय? पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत उपकेंद्रात ही औषधे राहतील असे पाहावे. गरोदर बायांसाठी ॲझिथ्रोमायसिनही असावे. मालकाने मजुराला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गमबूट द्यावेत. बसून निंदताना बूट अडचणीचे होतात हे आम्ही जाणतो. निदान पायमोजे द्या. कामावरून आल्यावर आंघोळ करावी, कपडे बदलावेत, काखा-जांघा पाहाव्यात. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. विडीने जाळू नये. आणि तापाच्या पहिल्या दोन दिवसांची रोजी बुडू नये, याची तजवीज गावाने करावी.

हे अशक्य नाही. सेवाग्रामच्या परिसरातल्या गावांनी सुगीच्या वेळी ज्वारी गोळा करून दवाखान्याचा विमा चालविला, हे याच जिल्ह्यात घडले आहे. ज्वारीतून उपचार उभा राहतो, तर दोन दिवसांची रोजीही उभी राहील. येत्या मृगापूर्वी आपापल्या गावच्या, वॉर्डाच्या बैठकीत हा विषय काढा, आणि दवाखान्यात केसपेपरवर ती एक ओळ मागा. आम्ही आपल्याबरोबर येऊ.