भाकऱ्या कोण थापणार?

(दापोलीत महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



माझा हात थरथरतोय, तो बोलायच्या भीतीनं नाही. मला पार्किन्सन्स आहे. हा म्हातारपणाचा आजार असं मीही समजत होते. मला तो पस्तिशीतच झाला. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. मग कंप येतो, अंग ताठरतं, हालचाली मंदावतात.

माझं आधी अक्षर बारीक झालं. बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलेलं मलाच वाचता येईना. घरात मात्र लक्षात आलं ते विळीवर नारळ खवता येईना तेव्हा. सासूबाई म्हणाल्या, "आता भाकऱ्या कोण थापणार?" त्या वाईट नाहीत. बाईचं आजारपण आपल्याकडे अडलेल्या कामावरूनच मोजतात.

आता माझा दिवस गोळीच्या वेळेवर चालतो. गोळी जेवणाआधी घ्यायची. मासे, डाळ यांच्याबरोबर घेतली तर तिचा असर कमी होऊ शकतो. असर असेल त्या तासांत मी वाड्यांवर जाते. तो ओसरला की बसच्या पायरीपाशी पाय खिळतात. भाकऱ्या नवरा थापतो. जाड होतात, पण आम्ही सगळे खातो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सची नोंद आहे. प्रमाणपत्र मागणं हा आपला हक्क आहे.

वाडीवर एखादीचा हात थरथरताना दिसला, तर "वय झालं" म्हणून पुढं जाऊ नका. तिला डॉक्टरकडे न्या. आणि घरच्यांना विचारा, हिची कामं आता कोण कोण वाटून घेणार?