कान आणि कर्णा

संगणकाला आजकाल दोन तोंडं असतात. एक स्पीकरचं, साऱ्या घराला ऐकू जाणारं. दुसरं हेडसेटचं, एकाच माणसाच्या कानाशी लागणारं. कोणत्या तोंडानं बोलायचं हे ठरवणारी खूण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी असते. खूण एवढीशी, पण ती कुणी फिरवायची यावरून घराघरांत कुरबुरी चालतात. मला त्या कुरबुरींबद्दलच बोलायचं आहे, पण आधी थोडं यंत्राविषयी.

ट्रान्झिस्टरच्या काळी हा प्रश्न सोपा होता. इअरफोनची पिन खोचली की स्पीकर गप्प. त्या भोकात एक लवचिक पट्टी असे. पिन आत गेली की पट्टी बाजूला सरे आणि स्पीकरकडची वाट तुटे. ही पिन खानदानी आहे बरं का! जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या पाव इंची पिना खोचून नंबर जोडून देत, त्यांचंच हे साडेतीन मिलिमीटरचं धाकटं भावंड.

यूएसबीचा हेडसेट आला आणि घोटाळा सुरू झाला. साध्या पिनेच्या हेडफोनला आवाज संगणकाकडून आयता मिळतो. यूएसबीचा हेडसेट मात्र स्वतःचं साउंड कार्ड घेऊनच येतो. त्यामुळे संगणक त्याला वेगळा पाहुणा समजतो आणि आवाज कुणाकडे पाठवू, या विचारात पडतो. विंडोज १० मध्ये घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली, की आवाजाच्या पट्टीच्या वर उपकरणाचं नाव आणि एक बाण दिसतो. तो दाबला की यादी उघडते, त्यातलं हवं ते निवडायचं. विंडोज ११ मध्ये हा बाण आवाजाच्या पट्टीशेजारी आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबलं तरी यादी समोर येते. यादीतली नावं मात्र कारखान्यात ठेवलेली, जिभेला न वळणारी. ती बदलता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आमच्या घरी हेडसेटचं नाव ‘गुपित’ आहे आणि स्पीकरचं ‘चावडी’.

आणखी एक खोच. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून संगणक दोन मुख्य उपकरणं मानतो, एक गाण्याबजावण्यासाठी आणि एक बोलण्यासाठी. म्हणून कधी गाणं स्पीकरवर वाजतं आणि फोन हेडसेटमध्ये. बोलणं सुरू झालं की तो बाकीचे आवाज आपणहून ८० टक्क्यांनी उतरवतो. माणसाच्या शब्दाला एवढा मान हल्ली माणसंही देत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत मुशायरे आणि कविसंमेलनं संगणकावर भरू लागली, तेव्हा ब्लूटूथच्या हेडसेटनं अनेकांना चकवलं. शायर तरन्नुममध्ये गझल म्हणतो आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतंय, आवाज विहिरीतून येतोय. त्यात बिचाऱ्या शायराच्या गळ्याचा दोष नव्हता. साध्या ब्लूटूथला चांगला आवाज ऐकवणं आणि माइक चालवणं ही दोन्ही कामं एका वेळी झेपत नाहीत. माइक सुरू झाला की तो टेलिफोनच्या दर्जावर उतरतो. नव्या पद्धतीचे हेडसेट यातून सुटले आहेत. जुन्यावर उपाय सोपा आहे. माइक लॅपटॉपचा निवडायचा, हेडसेट फक्त ऐकण्यापुरता ठेवायचा. गझल पुन्हा विहिरीबाहेर येते.

हेडसेटमध्ये कवीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, ते सुख मोठंच. पण दाद देणारा एकटा पडतो. त्याची ‘वाहवा’ ऐकून घरचे दचकतात, कारण शेर त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

तर आता कुरबुरी. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत घरटी एखादा तरी माणूस आखातात आहे. पूर्वी कुणी गावी येणारा असला, की त्याच्या हाती मस्कतहून, कुवेतहून बोललेली कॅसेट यायची. टेपरेकॉर्डर मधे ठेवून सारं घर भोवती बसायचं. शेजारपाजारचेही यायचे. त्या कॅसेटमध्ये बायकोसाठी वेगळं काही नसायचं. असणार कसं? आता रात्री संगणकावर चेहरा दिसतो, आवाज येतो, आणि सून हेडसेट लावून बसते.

शेजारच्या खाला पलंगावरून विचारतात, “काय म्हणतोय गं तो?”

“बरा आहे म्हणतोय.”

दहा मिनिटांचं बोलणं, आणि आईच्या वाट्याला तीन शब्द. खालांचं दुःख खरं आहे. पण सुनेलाही मी दोष देणार नाही. वर्षातले अकरा महिने नवरा पडद्यावर. त्यातली दोन वाक्यं तरी तिची एकटीची असू नयेत काय? स्पीकर लावला की तो पगाराचं, गळक्या छपराचं बोलतो. हेडसेटवरच त्याला सांगता येतं की इथे करमत नाही. ते आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोच तिला म्हणत असेल, हेडसेट लाव. पण आईला लेकाचा आवाज हवा असतो, शब्द कोणते आहेत याची तिला फिकीर नसते. कोपऱ्यातलं ते चित्र या दोघींपैकी कुणाच्या हातात असावं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली निघाला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती. जोडीनं ऐकता यावं म्हणून. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या काळात हा शहाणपणा बाजूला पडला. पण दोन भोकांची छोटी वायर इलेक्ट्रॉनिकच्या कुठल्याही दुकानात थोड्या पैशांत मिळते. यूएसबीच्या हेडसेटला ती चालत नाही, साध्या पिनेचे दोन हेडफोन लागतात. माइक लॅपटॉपचा.

तशी एक वायर खालांच्या घरी पोचली आहे. रोजचा रिवाज असा, की पहिली पाच मिनिटं दोघी दोन हेडफोन लावून बसतात. मग खाला आपला काढून उशाशी ठेवतात आणि तसबी घेतात. उरलेला वेळ सुनेचा. एक अडचण मात्र राहिली आहे. कान झाकलेल्या माणसाला आपलाच आवाज कळत नाही. त्यामुळे लेकानं मस्कतहून हळूच विचारलं, “अम्मा, जेवलीस का?” की त्याचं उत्तर नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत जातं.