नळी आणि धार



आपल्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो सचिवांच्या अहवालात नीट आला आहे. म्हणून मी माझा सगळा वेळ एकाच प्रश्नाला देतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली कोणती हत्यारं एकदा वापरून टाकूनच द्यायची?

नोव्हेंबर 2014 मध्ये पंजाबातल्या घुमानच्या नेत्रशिबिरानंतर सुमारे 60 जणांची दृष्टी गेली. घुमान म्हणजे आपल्या संत नामदेवांचं घुमान. 2015 च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातल्या बडवानीला 40 हून अधिक रुग्णांवर तीच वेळ आली. या दोन्ही दुर्घटनांचं खापर मी हत्यारांवर फोडत नाही. डोळ्यात सोडलेला द्रव, औषधं, पाणी, हात, सगळ्यांचीच झडती अशा वेळी घ्यावी लागते. पण असं काही घडलं की आपण पहिल्यांदा ऑटोक्लेव्हची नोंदवही पुढे करतो. ऑटोक्लेव्ह नीट चाललं, म्हणजे हत्यार सुरक्षित होतं, असं आपण धरून चालतो. हे गृहीतकच चुकीचं आहे.

सिमको कॅन्युला घ्या. तिच्या बारीक नळीतून लेन्सचा मऊ भाग आणि शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेलं व्हिस्को नावाचं जेल ओढलं जातं. शिबिराच्या घाईत कॅन्युला ट्रेमध्ये तशीच पडून राहिली, तर ते आत वाळून चिकटतं. वरून कॅन्युला लखलखीत दिसते. ऑटोक्लेव्हच्या वाफेने आतली घाण निर्जंतुक झाली, तरी ती जागची हलत नाही. पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात ती उतरते. एन्झाइमच्या साबणाचा राहिलेला अंशही तसाच उतरतो. अल्ट्रासॉनिक टबमधलं पाणी वेळच्या वेळी बदललं नाही, तर त्यात ग्राम-निगेटिव्ह जंतू वाढतात. वाफेने ते मरतात, मात्र त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन त्या उष्णतेला दाद देत नाही. मग 12 ते 48 तासांत कॉर्निया या काठापासून त्या काठापर्यंत सुजतो, पुढच्या कप्प्यात फायब्रिन जमतं, आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. याला आपण टास (टॉक्सिक अँटिरिअर सेगमेंट सिंड्रोम) म्हणतो. जंतू सापडला नाही, एवढ्यावर पुष्कळदा प्रकरण मिटतं. रुग्णाचा कॉर्निया मात्र कायमचा निकामी होऊ शकतो.

धारेची गोष्ट वेगळी आहे. केराटोम, म्हणजे कॉर्नियाला छेद देणारं ब्लेड, बोथट झाला की ऊती कापली जात नाही, ती ताणून फाटते. टाक्याविना मिटायला हवी ती जखम नीट मिटत नाही. डोळ्याचा दाब उतरला की बाहेरचं अश्रूंचं पाणी, पापण्यांवरच्या जंतूंसकट, आत शिरतं. ज्या पाकिटावर गोलात काट मारलेला 2 चा आकडा, म्हणजे ‘पुन्हा वापरू नका’ ही खूण, छापलेला असतो, त्यातलं ब्लेड रसायनात बुडवून किंवा इथिलीन ऑक्साइड वायूने (ईटीओ) निर्जंतुक करून पुन्हा टेबलावर येतं, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? एकदाच वापरायचं म्हणून बनवलेलं हत्यार पुन्हा वापरणं मला सर्वांत घातक वाटतं. पुन्हा स्वच्छ केल्यावर ते सुरक्षित राहील, याची हमी बनवणाऱ्याने दिलेलीच नसते.

मग सगळंच एकदा वापरून फेकावं का? नाही. ब्रिटनने व्हेरियंट सीजेडी या मेंदूच्या रोगाच्या भीतीने 2001 च्या सुरुवातीला टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरायची हत्यारं सक्तीची केली. रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि वर्ष संपण्याआधीच इंग्लंडने ती सक्ती मागे घेतली. नव्या हत्यारांच्या दर्जावर तेव्हा बोट ठेवलं गेलं होतं. भीतीपोटी घेतलेलं सुमार हत्यारही माणसाला इजा करतं.

तमिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयात पुष्कळ साहित्य पुन्हा वापरलं जातं. अरविंदच्या रुग्णालयांतल्या 6 लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात एंडोफ्थाल्मायटिसचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाचं, प्रमाण शस्त्रक्रियेअखेर डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक न दिलेल्यांमध्ये 0.07 टक्के होतं, आणि दिलेल्यांमध्ये 0.02 टक्के होतं. त्यांच्या मोतीबिंदूच्या एका फेको शस्त्रक्रियेचा कार्बनभार ब्रिटनमधल्या फेकोच्या सुमारे 20 व्या हिश्शाइतका, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. हे आकडे मी फार आदराने सांगतो. पण अरविंदकडे शिस्तीत घडवलेली माणसं आहेत, आणि प्रत्येक कामाची ठरलेली पद्धत आहे. तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहात एकच सिस्टर हत्यारं धुणं, निर्जंतुकीकरणाचे ड्रम भरणं आणि टेबलावर मदत करणं, तिन्ही सांभाळते. अरविंदचं उदाहरण सांगून तिच्यावर तो भार टाकणं अन्याय होईल.

म्हणून माझी रेघ नळी आणि धार इथे पडते. जे आतून दिसत नाही आणि ज्याची धार जाते, ते एकदाच वापरायचं, आणि चांगल्या दर्जाचं घ्यायचं. कॅन्युला, केराटोम, साइड पोर्टचं ब्लेड, सिस्टोटोम. स्पेक्युलम, चिमटे, नीडल होल्डर खुशाल पुन्हा वापरा, मात्र ते धुण्यासाठी वेळ आणि माणूस द्या. वापरलेल्या ब्लेडसाठी पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्याची तरतूद 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहेच.

खर्चाचं काय, असं तुम्ही विचाराल. खर्च वाढेल. शिबिराच्या अनुदानात आणि सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये या वस्तूंसाठी वेगळी रक्कम मागितलीच पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत एका दिवसातल्या शस्त्रक्रियांची संख्या कमी ठेवली पाहिजे. संख्येचे फलक लावण्याची आपल्याला फार हौस आहे. ती मला आता सहन होत नाही.

इथे आलेल्या सिस्टर्सना मला एक सांगायचं आहे. पाकीट आधीच फोडलेलं आहे की नाही, हे टेबलावरच्या डॉक्टरांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. फोडलेलं असेल तर ते देणार नाही, असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला लेखी मिळायला हवा, आणि त्यापायी कुणाची नोकरी जाता कामा नये.

तीन मुद्दे, म्हणजे नळी-धारेची यादी, पाकीट नवंच फोडलं याची नोंद राहावी म्हणून त्याचं लेबल प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवणं आणि सिस्टरचा नकाराधिकार, ठराव म्हणून उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे येतील. मसुदा नोंदणी कक्षात ठेवला आहे. दुरुस्त्या आज रात्रीच्या जेवणाआधी सचिवांकडे लेखी द्याव्यात.