रेडिओतला पाऊस

आजचा भाग मी वसईतल्या घरी रेकॉर्ड करतेय. पंखा बंद, खिडक्या बंद, त्यामुळे घामाघूम झालेय. तरीही मागे चर्चची घंटा ऐकू आली तर येऊ द्या. आज ती चालेल. आजच्या गोष्टीत तिचं काम आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, लहानपणी तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? भूत, पाल, गणिताच्या बाई, सगळं होतंच. पण खरं उत्तर एक गाणं आहे. ते मी एकदाच ऐकलं होतं, तेही अर्धंच. त्याचं नाव कळायला मला वीस वर्षं लागली.

साल २००५. मी आठ वर्षांची, तिसरीत. तेव्हा वसई-विरार महानगरपालिका नव्हती, ती २००९ ची. पालघर जिल्हाही नव्हता, तो २०१४ चा. पत्त्यात आम्ही 'जिल्हा ठाणे' लिहायचो. आमचं घर पापडीच्या बाजूला. मागे केळी, आणि केळींच्या मागे बावखल. वसईबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसात ते काठोकाठ भरतं. घरापासून चर्चची घंटा ऐकू यायची. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेगळी, लग्नाची वेगळी. कुणी गेलं की घंटा अगदी संथ पडायची. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुढचा. ती घंटा झाली की आजी हातातलं काम थांबवून म्हणायची, "कोण गेलं गं?"

आजीकडे लाल रंगाचा छोटा ट्रान्झिस्टर होता. तिचं स्टेशन ठरलेलं, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. ती झोपली की रेडिओ माझा. हळूच एफएमवर न्यायचा, चकरी फिरवत बसायचं.

त्या जुलैमधली शनिवारची रात्र. पाऊस, आणि पाऊस आला की लाइट जाणार हे ठरलेलंच. मी गोधडीत, रेडिओ कानाशी. चकरी फिरवताना एका जागी नुसती खरखर लागली. मला वाटलं स्टेशन नीट लागलं नाही. मग कळलं, ही खरखर नाही. हा पाऊस आहे. रेडिओत पाऊस पडतोय. मग लांबवर ढग गडगडले. आणि मग घंटा. संथ. एक ठोका, थांबा, पुढचा ठोका.

तुम्हीच विचार करा. बाहेर पाऊस, आत पाऊस. बाहेर चर्च, आणि घंटा माझ्या गोधडीच्या आत वाजतेय. मला वाटलं गावात कुणीतरी गेलं आणि ते मला एकटीला कळवतायत.

मग एकदम गिटार आली. गिटार हे आत्ता म्हणते, तेव्हा मला ते लोखंडी दार ओढल्यासारखं वाटलं. तीनच सूर, पुन्हा पुन्हा तेच. मग एक माणूस गायला लागला. शब्द कळले नाहीत, मी मराठी शाळेतली. पण तो माणूस घाबरलाय हे कळलं. मोठा माणूस इतका घाबरू शकतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी खटकन रेडिओ बंद केला. पाऊस थांबला नाही.

आता यावर हसू येतं. बाहेरचा पाऊस कसा थांबणार? पण आठ वर्षांच्या डोक्यात हिशेब पक्का झाला, ते बाहेर आलं. मी चकरी फिरवली, दार उघडलं, आणि ते बाहेर आलं.

रविवारी सकाळी मी रेडिओतले सेल काढले आणि बावखलात फेकून दिले. पर्यावरणवाल्यांनो, माफ करा. सोमवारी आजीने मागचं झाकण उघडलं तर आत काहीच नाही. तिला वाटलं, पप्पांनी टॉर्चला लावले असतील. पप्पांना वाटलं, आजीनेच कुठेतरी ठेवले. ते म्हणाले, "उद्या येताना नवीन आणतो." आणि मंगळवारी सकाळी नेहमीच्या गाडीने अंधेरीला कामाला गेले.

तो मंगळवार म्हणजे २६ जुलै २००५.

तुमच्यापैकी काही जण तेव्हा जन्मलेही नसाल, म्हणून थोडक्यात सांगते. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पावसाळा आणि दुसरं टोक पाण्याखाली. लोकल बंद पडल्या, रस्ते बुडाले, मिठी नदी घराघरांत शिरली. लाखो लोक जिथे होते तिथे अडकले.

आमच्याकडे अंगणात पाणी, मग पायरीवर, मग ओटीवर. बावखल आणि अंगण एक झालं. लाइट नाही. फोन मेलेला. पप्पांचा मोबाइल लागत नव्हता. आणि आजी सारखी एकच गोष्ट म्हणत होती, "रेडिओ असता तर काहीतरी कळलं असतं."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सेल मी फेकले होते. पप्पा बाहेर होते ते, माझ्या डोक्यात, सेल आणायला. ऑफिसला ते रोज जायचे हे मला माहीत होतं. पण त्या रात्री मला एवढंच आठवत होतं की ते म्हणाले होते, सेल आणतो.

बुधवारी सकाळी शेजारचे अंकल गुडघाभर पाण्यातून त्यांचा रेडिओ डोक्यावर धरून आमच्या ओटीवर आले. सगळे त्याभोवती बसले. बातम्यांत सांगत होते, लोकल बंद आहेत, लोक ऑफिसांत, शाळांत, स्टेशनांवर थांबलेत. आईला जरा धीर आला. मी आत जाऊन बसले. मला वाटत होतं, याच रेडिओतून ती घंटा पुन्हा वाजेल. संध्याकाळी खरंच घंटा झाली. रोजची, प्रार्थनेची. मी दोन्ही कानांत बोटं घातली. आईला वाटलं मला सर्दी झालीय. तिने कानांत कापूस घातला. (हसते)

बुधवारी रात्री अकराच्या सुमारास पप्पा आले. पँट मांडीपर्यंत चिखलाने माखलेली, चपला हातात. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चार सेल काढले आणि आजीच्या हातात ठेवले. मी जोरात रडायला लागले. सगळे म्हणाले, पोरगी घाबरली होती बिचारी. बरोबरच होतं. पण कशाला घाबरली होती ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पुढची वीस वर्षं नाहीच सांगितलं.

आता येऊ जुलै २०२५ कडे. मालाडच्या ऑफिसमधून विरार लोकलने घरी येतेय. लेडीज डबा, चौथ्या सीटवर अर्धी बसलेली, कानात इअरबड्स. २२ जुलैला इंग्लंडमध्ये ऑझी ऑस्बर्न गेले होते, त्यामुळे फोनवर सगळ्या रील्स त्यांच्याच. मी नाव ऐकून होते, त्यापलीकडे काही नाही. अंगठ्याने वर सरकवतेय आणि एका रीलमध्ये खरखर सुरू झाली. पाऊस. ढग. घंटा.

गाडी भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर आली होती. मी इअरबड्स काढले आणि खिडकीतून बघितलं, पाऊस बाहेर आहे की आत? दोन्हीकडे होता.

त्या रात्री मी ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, अल्बमचं नाव ब्लॅक सॅबथ आणि गाण्याचंही तेच. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेलं, आणि तो वार होता शुक्रवार. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली चार कामगारवस्तीतली पोरं. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये सापडला आणि त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. बेस वाजवणारे गीझर बटलर सांगतात की तरुणपणी एका रात्री त्यांना पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसली होती, आणि गाणं त्यातून आलं. म्हणजे तो गाणारा माणूस घाबरलाय हे मला आठव्या वर्षी बरोबर कळलं होतं.

आणि पाऊस? तो वाजवलेलाच नाही. बँडने अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड केला. पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर स्टुडिओत वरून जोडली. साउंड इफेक्ट! मी एका साउंड इफेक्टसाठी आजीचे सेल बावखलात टाकले होते.

मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. ते तीन सूर मी फोनवरच्या कीबोर्डवर शोधले. शाळेत दोन वर्षं पेटी शिकले होते, ती कामाला आली. खालचा सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. बस. सा आणि पंचमाचं नातं ३:२, साधं, कानाला टेकायला जागा देणारं. तीव्र मध्यम हा आजच्या कीबोर्डवर सप्तकाच्या बरोबर मधोमध. त्याचं सा शी गुणोत्तर दोनचं वर्गमूळ, १.४१४ आणि पुढे न संपणारे आकडे. म्हणून तो अधांतरी वाटतो. युरोपात याच अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणायचे. चर्चने त्यावर बंदी घातली होती असं रील्समध्ये सांगतात, ती मात्र रंगवलेली गोष्ट.

पण गंमत बघा. हाच तीव्र मध्यम यमनमध्ये आहे. पेटीच्या बाईंनी मला यमनच शिकवला होता, आणि मला त्यात कधी सैतान दिसला नाही. शेजारी कोणते सूर आहेत, लय काय आहे, कोण वाजवतंय, यावर सगळं ठरतं. घंटेचंही तसंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर अशीच एक आहे. धातू तोच, आवाज तोच, आणि खाली उभा माणूस हात जोडतो.

आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "माझं रात्रीस खेळ चाले होतं." 'हा खेळ सावल्यांचा', १९७६ चा सिनेमा, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, महेंद्र कपूर यांचा आवाज. रेडिओवर ते लागलं की ती स्वयंपाकघरात आजीच्या मागे जाऊन उभी राहायची. आणि त्याच सिनेमातलं 'गोमू संगतीनं' आमच्याकडे हळदीला लागलं की सगळ्यात आधी नाचायला तीच उठते! पण एक फरक आहे. आई घाबरली की आजीच्या मागे जाऊन उभी राहायची. मी गोधडीत एकटी होते.

मग मी पप्पांना सांगितलं. सेल, बावखल, सगळं. वीस वर्षं आत ठेवलेलं, आवाज कापत होता. पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठले सेल?"

त्यांना सेल आठवतच नव्हते! त्यांना आठवत होतं ते वेगळंच. रात्र ऑफिसच्या टेबलावर काढली. सकाळी हायवेने चालत दहिसर. वाटेत एका अनोळखी बाईने दिलेला चहा आणि ग्लुकोज बिस्किटं. मग एका ट्रकच्या मागे उभं राहून वरसावे पुलावरून वसई फाटा, आणि तिथून पुन्हा चालत. जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तुझी आई म्हणाली होती, आज नका जाऊ. मी गेलो. पूर्ण रस्ता मला वाटत होतं, घरात पाणी शिरलं असेल, आणि ते माझ्यामुळे."

मी बघतच राहिले. कित्येक किलोमीटरच्या अंतरावर दोन माणसं, एक आठ वर्षांची आणि एक चाळिशीतला, आणि दोघांना वाटतंय हा पाऊस आपल्यामुळे.

मला या गोष्टीतून एवढंच कळलंय. भीती वाटली की माणूस कारण शोधतो. मोठ्या माणसाला बातम्या मिळतात, आकडे मिळतात, ९४४ मिलिमीटर मिळतात. लहान मुलाला काहीच मिळालं नाही तर ते स्वतःलाच कारण करून टाकतं आणि गप्प बसतं. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की मी पावसाला घाबरले. मला कुणी विचारलं असतं, "तुला काय वाटतं, हे कशामुळे झालं?" तर मी बहुतेक पाच मिनिटांत सेलांचं सांगून टाकलं असतं. घरात एखादं पोर असं अचानक गप्प झालं असेल, तर हा प्रश्न विचारून बघा. उत्तर ऐकून हसू नका मात्र.

हो, आणि शेवटी पप्पांना मी ते गाणं ऐकवलं. एक इअरबड त्यांच्या कानात, एक माझ्या. पाऊस, घंटा, तीन सूर. त्यांनी डोळे मिटून पूर्ण सहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "एवढंच? आपल्या आळीतला डीजे यापेक्षा भीतिदायक आहे."

तर मंडळी, तुमचं असं गाणं कोणतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि शक्यतो दिवसा पाठवा, रात्री मी एकटीच ऐकत असते.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.